वरचा क्ष, खालचा क्ष

गेल्या महिन्यातली गोष्ट. आठवीतली नात बीजगणिताची वही घेऊन माझ्या शेजारी बसली होती. पेन झपाझप चालत होते. अंशातला क्ष काटला, छेदातला क्ष काटला, वरच्या नवाला आणि खालच्या तिनाला एका फटकाऱ्यात उडवले आणि उत्तर लिहून बाईसाहेब मोकळ्या! ‘झालं आजोबा, सगळं कट झालं.’ मी वही पाहिली आणि गप्प बसलो. ही काटाकाटी मी पूर्वी पाहिली होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी, एका उत्तरपत्रिकेत. तेव्हा मी जे वागलो ते आजही मनाला टोचते.

मी गणिताचा शिक्षक. उभी हयात तालुक्याच्या गावी फळ्यासमोर गेली. त्या वर्षी सहामाहीला मी एक उदाहरण घातले होते: (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३), याला सोपे रूप द्या. एका मुलाने उत्तर लिहिले, क्ष + ३. उत्तर बरोबर होते. लाल पेनाने खूण केली, पूर्ण गुण दिले आणि पुढचा पेपर ओढला. वार्षिक परीक्षेत मुद्दाम जरा फसवे उदाहरण घातले: (क्ष² + ९) भागिले (क्ष + ३), शक्य असल्यास सोपे रूप द्या. त्याच मुलाने पुन्हा लिहिले, क्ष + ३. या खेपेस भोपळा.

पेपर हातात पडल्यावर पोरगा टेबलाशी आला. ‘सर, सहामाहीला असंच काटलं होतं. तेव्हा बरोबर, मग आता चूक कसं?’ माझ्यापुढे तपासायचा गठ्ठा होता. ‘आधी नियम पाठ कर, मग शंका विचार,’ असे म्हणून मी त्याला वाटेला लावले. पुढच्या वर्षीही तो माझ्याच वर्गात होता. पण त्याचा हात पुन्हा कधी वर झाला नाही.

त्याने नेमके काय केले होते? क्ष² ला क्ष ने भागले, क्ष आला. नवाला तिनाने भागले, तीन आले. उणेखाली उणे, म्हणून अधिक. चुकीच्या वाटेने तो बरोबर मुक्कामी पोहोचला होता. अंकगणितातही असे योगायोग आहेत. १६/६४ मधले दोन्ही सहा काटा. उरते १/४, आणि ते बरोबर आहे! १९/९५ मधले नऊ काटले तर १/५, २६/६५ मधले सहा काटले तर २/५, ४९/९८ मधले नऊ काटले तर ४/८. तीही बरोबर. एकाहून लहान असलेल्या दोन अंकी अपूर्णांकांत, शून्याची आणि सारख्या अंकांची उदाहरणे सोडली, तर असे हे चारच. पाचवा शोधायला जाल तर तोंडघशी पडाल. १३/३४ मधले तीन काटून १/४ म्हणून पाहा.

मग काटायचे कधी आणि कधी नाही? आंब्यांचेच पाहा. चार पेट्या आहेत, प्रत्येकीत चोवीस आंबे, आणि घेणारे भाऊ चार. इथे चार वर गुणिले आहे, खाली भागिले आहे. चाराला चार गेले, प्रत्येकाला एक पेटी मिळाली. भांडण नाही. आता चोवीस आंबे आणि चार नारळ आहेत, भाऊ तेच चार. कोणी म्हणाले, ‘वरचे चार आणि खालचे चार उडाले, आता प्रत्येकाला चोवीस आंबे,’ तर भावाभावांत जुंपेल! वाटणी आंब्यांचीही व्हायला हवी आणि नारळांचीही. प्रत्येकाच्या वाट्याला सहा आंबे आणि एक नारळ. म्हणजे २४ + ४ या बेरजेतून आधी चार सामाईक काढायचे, ४ × (६ + १) असे लिहायचे, आणि मगच ते चार खालच्या चाराशी काटायचे. बेरजेतले काटता येत नाही, गुणाकारातले येते. सारा नियम एवढाच आहे.

म्हणूनच आमच्या विषयात अवयव पाडण्याचे एवढे प्रस्थ. मुलांना वाटते, मास्तरांना छळायला एक प्रकार सापडला आहे. पण अवयव पाडणे म्हणजे बेरजेच्या वेषात बसलेला गुणाकार ओळखणे. ९१/११९ हा अपूर्णांक दिसायला अगदी आडमुठा. पण ९१ म्हणजे ७ × १३ आणि ११९ म्हणजे ७ × १७ हे दिसले की १३/१७ उरतो. बीजगणितात तेच. (क्ष² + ५क्ष + ६) भागिले (क्ष² − ४) घ्या. ज्यांचा गुणाकार सहा आणि बेरीज पाच असे दोन आकडे शोधा: दोन आणि तीन. म्हणून वर (क्ष + २)(क्ष + ३). खाली वर्गांची वजाबाकी, म्हणजे (क्ष + २)(क्ष − २). आता (क्ष + २) वरही गुणिले आहे, खालीही गुणिले आहे. तो गेला, उरले (क्ष + ३) भागिले (क्ष − २). खात्री हवी? क्षच्या जागी ३ घाला. मूळ अपूर्णांक ३० भागिले ५, म्हणजे ६. उत्तरही ६ भागिले १, म्हणजे ६.

आता त्या मुलाच्या शंकेचे उत्तर देता येते, आणि तेव्हा पाच मिनिटे काढली असती तर तेव्हाही देता आले असते. (क्ष − ३) आणि (क्ष + ३) यांचा गुणाकार करताना मध्ये दोन पदे येतात, अधिक ३क्ष आणि उणे ३क्ष. ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि क्ष² − ९ एवढेच शिल्लक राहते. त्याच्या काटाकाटीत फक्त पहिले आणि शेवटचे पद पाहिले जात होते. सहामाहीच्या उदाहरणात मधले पद नव्हतेच, म्हणून ते पकडले गेले नाही. वार्षिकच्या उदाहरणात त्याचे उत्तर खरे ठरायला वर (क्ष + ३)(क्ष + ३) हवे होते, म्हणजे मध्ये ६क्ष हवा होता. तो नव्हता. क्षच्या जागी १ घातला असता तरी चोरी उघडी पडली असती: मूळ अपूर्णांक १० भागिले ४, म्हणजे अडीच, त्याचे उत्तर मात्र चार.

एक गोष्ट मात्र रीतसर काटतानाही विसरायची नसते. (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३) म्हणजे क्ष + ३ हे खरे. पण क्ष जर तीनच असेल तर? मग मूळ अपूर्णांकात वर शून्य, खाली शून्य. त्याला अर्थच नाही. म्हणून उत्तराशेजारी ‘क्ष तीन नसताना’ एवढी चिठ्ठी हवी. दोन बरोबर एक असे सिद्ध करून दाखवणारी जी चमत्कृती असते तिच्या पोटात हेच दडलेले असते: कुठेतरी (अ − ब) दोन्ही बाजूंनी काटलेला असतो, आणि अ व ब सारखेच धरले होते याचा सोयीस्कर विसर पडलेला असतो.

हा शून्याचा पेच जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची हकीकत आहे, आणि त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचीही. ‘लीलावती’त एक उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिनाने गुणले आणि शून्याने भागले, तर ६३ आले, ती संख्या कोणती? उत्तर १४. आचार्यांनी शून्याने गुणून सारे पुसून टाकले नाही. पुढे काही करायचे शिल्लक असेल तर शून्य नुसते गुणक म्हणून जपून ठेवावे, भागण्याची वेळ आली की काटावे, अशी त्यांची रीत. आजचे गणित हे जसेच्या तसे मान्य करणार नाही; पण ग्रहगणितात याचा मोठा उपयोग आहे, असे त्यांनी म्हटले आहे.

तो उपयोग कसा, हे त्या मुलाच्याच अपूर्णांकातून दिसते. उंच कड्यावरून सुटलेला दगड क्ष सेकंदांत सुमारे ५क्ष² मीटर खाली येतो, हवेचा अडथळा सोडून. तर बरोबर तिसऱ्या सेकंदाला त्याचा वेग किती? तीन ते क्ष सेकंदांमधले अंतर भागिले वेळ, म्हणजे (५क्ष² − ४५) भागिले (क्ष − ३). क्ष तीन घ्यावा तर शून्यावर शून्य! पण अवयव पाडून (क्ष − ३) काटला की ५(क्ष + ३) उरते, आणि क्ष तिनाच्या जवळजवळ जाऊ लागला की वेग सेकंदाला ३० मीटरच्या जवळ जातो. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायबनिझ यांनी कलनशास्त्र उभे केले ते अशाच काटाकाटीवर. ‘आधी शून्य नाही म्हणून काटता आणि मग शून्यच धरता, हा कुठला न्याय?’ अशा अर्थाचा आक्षेप बिशप बर्कलीने १७३४ साली घेतला. त्याला समाधानकारक उत्तर मिळायला जवळपास शतक लागले. १८२१ साली कोशीने ‘सीमा’ या कल्पनेवर सारी मांडणी केली तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. मोठमोठ्यांना जिथे अडखळायला झाले, तिथे चौदा वर्षांचे पोर अडखळले तर त्याला आपण भोपळा देतो!

नातीला मी म्हटले, ‘क्षच्या जागी पाच घालून बघ.’ तिने घातले. वर सोळा, खाली दोन, आठ. उत्तरातही आठ. ती खूश झाली. मग मी अधिकचे उदाहरण पुढे केले. तिने काटले, पुन्हा पाच घातले आणि थबकली. वर चौतीस, खाली आठ. ‘आजोबा, हे आठ येत नाही. असं का?’ तोच प्रश्न. या वेळी मी वही बाजूला सारली आणि आंबे-नारळांपासून सुरुवात केली.

तो मुलगा आता चाळिशीला आला असेल. त्याच्या पहिल्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले, कारण मी उत्तर पाहिले, वाट पाहिली नाही. सहामाहीत चूक झाली होती हे खरेच. पण ती त्याच्याइतकीच तपासणाऱ्याची होती.