पास काढावा की तिकीट?

रेल्वेचा पास परवडतो की रोजचं तिकीट, हा प्रश्न वरवर पाहिला तर चार रुपयांच्या बेरीज-वजाबाकीचा. पण नांदगावसारख्या गावात तो कित्येक घरांच्या महिन्याच्या हिशेबात जाऊन बसलेला आहे. नांदगाव हे नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, मुंबई-भुसावळ लोहमार्गावर मनमाड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यानचं. इथून कुणी मनमाडला कामाला जातो, कुणी नाशिकरोडला, कुणी चाळीसगावला. न्यायडोंगरी, पिंपरखेड अशा लहान स्टेशनांकडून मुलं शिकायला नांदगावला येतात. या रोजच्या जाण्यायेण्याला आपल्याकडे 'अप-डाऊन' म्हणतात, आणि अप-डाऊन करणाऱ्या माणसाला महिन्याच्या सुरुवातीला एकदा तरी खिडकीसमोर उभं राहून ठरवावंच लागतं: पास काढू, की तिकिटावर भागवू?

पास म्हणजे काय, ते आधी नीट पाहू. रेल्वेच्या भाषेत ते 'सीझन तिकीट'. ते एक महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं मिळतं. ठरलेल्या दोन स्टेशनांच्या दरम्यान त्या मुदतीत कितीही वेळा जा, कितीही वेळा या. साधारणपणे दीडशे किलोमीटरपर्यंतच असा पास देतात. नांदगावहून मनमाड, नाशिकरोड, चाळीसगाव, जळगाव ही सगळी गावं त्या मर्यादेत बसतात. मुंबई बसत नाही. नाशिकहून मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसनं पासावर जाणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. नाशिकरोड ते मुंबई अंतर दीडशेच्या पुढचं आहे, पण ती खास सवलत समजावी, सर्वसाधारण नियम नव्हे.

आता दराचं गणित. मासिक पासाची किंमत अंदाजे पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतकी धरलेली असते. जून २०१४ मध्ये ती तीस प्रवासांच्या हिशेबानं घेण्याचं ठरलं होतं, पण लोकांची ओरड झाली आणि त्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला गेला. म्हणून पंधराचा ठोकताळा अजून उपयोगी पडतो. पंधरा एकेरी म्हणजे साडेसात परतीचे प्रवास. तेव्हा जो माणूस महिन्यात आठ-नऊ दिवसांहून जास्त जातो येतो, त्याला पास परवडला, असं ढोबळपणे म्हणता येईल.

पण ढोबळपणावर थांबू नका, कारण खरी गंमत पुढेच आहे. नांदगाव ते मनमाड अंतर सव्वीस किलोमीटरच्या आसपास. साध्या पॅसेंजर गाडीचं किमान भाडं दहा रुपये आणि एक्स्प्रेसच्या साध्या डब्याचं किमान भाडं तीस रुपये. म्हणजे त्याच दोन स्टेशनांच्या मधला तोच प्रवास, एका गाडीला परतीसह वीस रुपये आणि दुसरीला साठ. आता हिशेबापुरतं समजा, पासाला दोनशे रुपये पडले. (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, खरा आकडा खिडकीवर विचारून घ्यावा.) पॅसेंजरनं जाणाऱ्याचा पास दहा दिवसांत वसूल होईल. एक्स्प्रेसनं जाणाऱ्याचा मात्र चौथ्या दिवशीच. पास एकच, पण कोणत्या गाडीची वेळ तुमच्या कामाला जुळते यावर त्याची किंमत ठरते. म्हणून हिशेब करताना आधी वेळापत्रक पाहा, मग पासाचा दर.

इथं एक इशारा द्यायला हवा. पास आहे म्हणून कोणत्याही गाडीच्या कोणत्याही डब्यात बसता येतं, असा समज पुष्कळांचा असतो. तसं नाही. आरक्षित डब्यात पास चालत नाही. ज्या गाड्यांतले ठरावीक डबे पासधारकांसाठी मोकळे केलेले असतात तेवढाच अपवाद. सुपरफास्ट गाडीला अधिभार निराळा भरावा लागतो. पासाबरोबर फोटोचं ओळखपत्र असतं, ते घरी राहिलं तर पास असून नसल्यासारखा. तिकीट तपासनिसानं पकडलं तर भाडं आणि वर किमान अडीचशे रुपये दंड. एका दिवसाच्या त्या दंडात पॅसेंजरची मनमाडची पंचवीस तिकिटं आली असती! पास दुसऱ्याला वापरायला देणं हा तर गुन्हाच आहे, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि पास हरवला तर दुसरी प्रत मिळत नाही. तिकीट हरवलं तर दहा-वीस रुपये गेले, पास हरवला तर महिना गेला.

आता आपले गुरुजी आणि बाई यांच्याकडे वळू, कारण त्यांचा महिना इतरांच्या महिन्यासारखा नसतो. कारखान्यातल्या माणसाचे दिवस बाराही महिने जवळजवळ सारखे. शाळेचं तसं नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडते. तिथपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग दिवस भरतात. तीन महिन्यांच्या पासाला तीन नव्हे, दोन पूर्णांक सात दशांश महिन्यांचे पैसे पडतात. दोनशेचा मासिक पास धरला तर सहाशेऐवजी पाचशे चाळीस. जूनच्या मध्याला तीन महिन्यांचा पास काढणं म्हणूनच शहाणपणाचं. पण त्या फायद्याला भुलून पुढचे तीन महिनेही एकदमच काढाल तर मध्ये दिवाळीची सुट्टी येते आणि वाचलेले साठ रुपये सुट्टीच खाऊन टाकते. पावसाळ्यात तीन महिन्यांचा, दिवाळीच्या सुमारास सुट्टीच्या तारखा पाहून एकेक महिन्याचा आणि ज्या महिन्यात कामाचे दिवस दहाच्या खाली जातात त्या महिन्यात सरळ तिकीट, असा माझा कल आहे. पासाची मुदत तारखेपासून तारखेपर्यंत चालते. पहिल्या तारखेलाच काढला पाहिजे असं मुळीच नाही. सुट्टी संपून शाळा ज्या दिवशी उघडेल त्या दिवसापासूनचा घ्यावा.

मोलमजुरी करणाऱ्याचं गणित आणखी वेगळं. त्याला पास परवडतो की नाही, हा प्रश्न दुसरा; महिन्याचे पैसे एकरकमी हातात आहेत का, हा पहिला. रोज वीस रुपये देणारा माणूस महिन्याला पाचशे देतो, पण एका दिवशी दोनशे देऊ शकत नाही, असं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कामाची खात्री नसेल तर त्याचं तिकिटावर राहणं चुकीचं नाही. मात्र काम लागलेलं असेल तर पहिल्या महिन्याच्या पासापुरते पैसे घरातून, बचत गटातून कसेही उभे करावेत. पुढचे पास त्या बचतीतूनच निघतात.

पासाला एक जोखीमही आहे, ती मार्च २०२० मध्ये सर्वांना कळली. कोरोनामुळे गाड्या थांबल्या आणि खिशातले पास तसेच राहिले. पुढं गाड्या हळूहळू सुरू झाल्या त्या 'विशेष' म्हणून, आणि कित्येक महिने त्यांत पास चालेना. पॅसेंजरच्या दहा रुपयांच्या जागी एक्स्प्रेसचे तीस द्यावे लागत होते; ते दहा रुपयांचं भाडं परत आलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्या काळात अप-डाऊन करणाऱ्यांना पासाची खरी किंमत उमगली, असं म्हटलं तरी चालेल.

आता ज्यासाठी हा सगळा विषय मी काढला, ती गोष्ट. घरापासून शाळा-महाविद्यालयापर्यंत जाण्यासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे विनामूल्य देते. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२० साली बऱ्याच सवलती थांबल्या, ज्येष्ठ नागरिकांचीही थांबली. पण विद्यार्थ्यांच्या सवलती तेव्हाही चालू ठेवल्या होत्या. तरीसुद्धा दहावीनंतर 'रोजचं भाडं कोण भरणार' म्हणून मुलीचं नाव काढणारी घरं आपल्या आसपास आहेत. त्या बापाला पास आणि तिकीट यांतलं गणित मांडायची गरजच नाही. त्याच्या मुलीसाठी उत्तर शून्य रुपये आहे. फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सांगायचं कुणी? गुरुजींनी. या पासासाठी शाळेचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो. म्हणजे सगळी किल्ली शाळेच्याच कपाटात आहे. तेव्हा शाळेनं जूनमध्येच रेल्वेनं येणाऱ्या मुलामुलींची यादी करावी, प्रमाणपत्राचा नमुना स्टेशनवरून आणून ठेवावा आणि सह्या एकाच दिवशी उरकाव्यात. 'उद्या ये' म्हणून चार खेपा झाल्या की पालक नाद सोडतात. एसटीनं येणाऱ्या मुलींसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची मोफत पासाची योजना आहे, तिचंही काम त्याच बैठकीत होऊन जाईल.

एसटीचा विषय निघालाच आहे, तर रोजच्या प्रवासाकडून जरा हौसेच्या प्रवासाकडे जाऊ. एसटीनं १९८८ पासून 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा पास ठेवला आहे: चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. त्या मुदतीत महाराष्ट्रभर हिंडा. सुट्टीत अष्टविनायक, कोल्हापूर, पंढरपूर असा फेरा मारणाऱ्याला तो पूर्वी हमखास परवडायचा. पण १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. आता घरातली चौघं निघाली, आजोबा ऐंशीचे, आई आणि सूनबाई अर्ध्या तिकिटाच्या, तर पास कुणासाठी काढायचा? एकट्या मुलासाठी, आणि तोही रोज लांबचा पल्ला असेल तरच. चौघांचे चार पास काढून बसणारं कुटुंब निम्म्याहून जास्त पैसे उगाच देऊन बसेल. पासाचा जुना लौकिक ऐकून पास काढू नये; आजचा दर आणि आजची सवलत शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

परदेशातही हेच घडलेलं आहे. युरोपात हिंडणाऱ्या परक्या पाहुण्यांसाठी १९५९ मध्ये युरेल पास निघाला. जपानमध्येही पाहुण्यांसाठी तसा पास आहे. त्याचा सात दिवसांचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. आधी टोकियोहून क्योटोला जाऊन परत आलं की पासाचे पैसे जवळजवळ निघत. आता तेवढ्या प्रवासाला सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. आपल्याकडून कुणाचा मुलगा कामाला तिकडे असेल आणि आईवडलांना बोलावत असेल, तर त्यालाही आधी हिशेब मांडायला सांगा.

आपल्या रेल्वेवर लांबच्या प्रवासाला असा हिंडण्याचा पास नाही, पण त्याहून चांगली एक सोय आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. रेल्वेचा दर अंतर वाढेल तसा किलोमीटरमागे उतरत जातो. म्हणून एका लांब प्रवासाचे तीन तुकडे करून तीन तिकिटं काढली, तर ती एका सलग तिकिटापेक्षा महाग पडतात. पाचशे किलोमीटरहून लांबच्या साध्या तिकिटावर वाटेत एकदा दोन दिवसांपर्यंत उतरता येतं, हजाराच्या वर दोनदा. मात्र पहिला मुक्काम पाचशे किलोमीटर झाल्यावरच. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांना हे लागू नाही.

आणि तीर्थयात्रेला निघणाऱ्यांसाठी 'चक्राकार प्रवास तिकीट' आहे. ज्या स्टेशनावरून निघाल तिथंच परत यायचं, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, आणि सगळ्या वाटेचं तिकीट एकच. नांदगावहून निघून तिरुपती, रामेश्वर करून दुसऱ्या वाटेनं घरी, असा फेरा त्यात बसवता येतो. वाट नेहमीची ठरलेली नसेल तर विभागाच्या वाणिज्य कार्यालयाकडे अर्ज द्यावा लागतो. नांदगाव भुसावळ विभागात येतं, तेव्हा अर्ज तिकडे. कुठे कुठे उतरणार ती नावं क्रमानं लिहावीत आणि घाई करू नये; निघण्याच्या बऱ्याच आधी अर्ज द्यावा.

नांदगावला ही यात्रेची वाट नवी नाही. मनमाड ते औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला. त्याच्या आधी वेरूळची लेणी पाहायला येणारे प्रवासी नांदगावलाच गाडीतून उतरत आणि पुढची मजल टांग्यानं मारत. तेव्हाच्या प्रवासी पुस्तकांत वेरूळचं स्टेशन म्हणून नांदगावचं नाव असे.

चक्राकार तिकिटाबद्दल एवढं ध्यानात ठेवा की तिकीट हातात आलं म्हणजे जागा मिळाली असं नव्हे. प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करून घ्यावं लागतं. रामेश्वराहून परतीचं आरक्षण सर्वांत आधी पाहावं. ते मिळालं की मग बाकीच्या तारखा मागे मागे बसवत याव्यात.