जखमेवर लाल उजेड

२० मार्चचा जागतिक मौखिक आरोग्य दिन उरकला, तरी त्यानिमित्ताने निघालेल्या दवाखान्यांच्या जाहिराती मोबाइलवर फिरतच आहेत. ‘लेझरने वेदनारहित उपचार’ हे बहुतेकींत ठरलेलं. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. हिरडी कापणारा लेझर वेगळा आणि टाके घातल्यावर जखम लवकर भरावी म्हणून वापरायचा मंद लेझर वेगळा. हा दुसरा कापत नाही, भाजत नाही. तो मारताना रुग्णाला बहुधा काही जाणवतही नाही, आणि संशय येतो तो तिथेच.

याचं मूळ मात्र भोंदू नाही. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर या शल्यचिकित्सकाने उंदरांच्या पाठी भादरून त्यांवर मंद रुबी लेझर सोडला. लेझरने कर्करोग होतो का, हे त्याला पाहायचं होतं. कर्करोग झाला नाही. उलट लेझर सोडलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले! पुढे त्याने महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांवर हाच प्रकाश वापरून पाहिला. आजचं प्रचलित स्पष्टीकरण असं : पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर लाल आणि अवरक्त प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते. पण मात्रा जास्त झाली, तर परिणाम उलटा होऊ शकतो.

खरी गोम मात्रेतच आहे. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या चाचण्या बघा. कुणी ६६० नॅनोमीटरचा प्रकाश वापरला, कुणी ८१०चा. कुणी तोंडातून, कुणी गालावरून. मग निष्कर्ष जुळणार कसे? त्यातून दाढ काढल्यावर येणारी सूज चार-आठ दिवसांत आपोआपच ओसरते. श्रेय लेझरला द्यायचं की शरीराला?

भक्कम पुरावा आहे तो दुसरीकडेच. डोक्या-मानेच्या कर्करोगावर रेडिएशन घेताना तोंड इतकं सोलवटतं की पाण्याचा घोटही गिळवत नाही. हे टाळण्यासाठी मंद लेझर वापरावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या आपल्या राज्यात तर ही गरज केवढी! पण जाहिराती दिसतात त्या अक्कलदाढेच्या. पैसे तिथे सुटतात, दुसरं काय.

डेंटिस्टने लेझर सुचवला, तर तरंगलांबी किती आणि दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल देणार, हे जरूर विचारा. उत्तर ‘लेटेस्ट मशीन आहे’ एवढंच आलं, तर पैसे वाचवा. आणि तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर त्यावर लेझर मारून घेऊ नका. आधी व्रणाचा तुकडा कर्करोगासाठी तपासायला पाठवा.