वीज शिकायची तर टॉर्चच्या सेलपासून

मिक्सर बंद पडला की तो उघडून पाहावा, असे पुष्कळांना वाटते. पण विजेची भीतीही वाटते. ती योग्यच आहे. मिक्सरपासून सुरुवात करूच नये. टॉर्चचा १.५ व्होल्टचा सेल, छोटा बल्ब आणि वायरचे दोन तुकडे घ्या. सेलच्या एका टोकापासून बल्बमधून दुसऱ्या टोकापर्यंत वाट पूर्ण झाली, तरच बल्ब लागतो. बटण म्हणजे ही वाट जोडण्या-तोडण्याची सोय!

मग एलईडी आणा. ९ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडला तर बिचारा जळून जाईल. तांबडा एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेल्या ७ व्होल्टना ४७० ओहमच्या रेझिस्टरने भागले की प्रवाह येतो सुमारे १५ मिलिअँपिअर. जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम तो हाच.

आता हाच भागाकार स्वतःच्या शरीराला लावून पाहा. घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहम धरला, तर प्रवाह २३० मिलिअँपिअर! जीव जायला याहून कितीतरी कमी पुरतो. म्हणून तर घरच्या बोर्डात बसवतात ती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते. तुमच्याकडे ती आहे का, एकदा पाहाच.

पुस्तकबांधणीची उमेदवारी करणारा मायकेल फॅरडे बांधायला आलेली पुस्तके वाचूनच विजेच्या नादी लागला. आपल्याला शाळेचे विज्ञानाचे पुस्तक आणि साधा मल्टिमीटर पुरे. सहा महिने तरी त्याच्या पिना फक्त सेललाच लावा. मिक्सर तोवर दुरुस्तीवाल्याकडेच जाऊ द्या.