बँकेतला पैसा नाहीसा होतो तेव्हा : शिकागो विद्यापीठातली एक परिषद



नाणी-नोटांचा घटक शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "बाई, सरकारकडे छापखाना आहे ना, मग सगळ्यांना नोटा छापून का देत नाही?" आपण सांगतो, नोटा वाढल्या आणि वस्तू तेवढ्याच राहिल्या की भाव वाढतात. हे बरोबरच आहे. पण पैसा कमी पडला तर काय होतं, हे मुलं विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही. आजचा लेख त्याबद्दल आहे, आणि तो समजायला एका विद्यापीठात भरलेल्या परिषदेची गोष्ट फार उपयोगी पडते.

८ नोव्हेंबर २००२. अमेरिकेतलं शिकागो विद्यापीठ. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांना ९० वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांच्या सन्मानार्थ ही परिषद भरली होती. ते याच विद्यापीठात अनेक वर्षं प्राध्यापक होते.

परिषद म्हटलं की आपल्याला केंद्राची शिक्षण परिषद आठवते. सूचना, चहा, सही, आणि घर गाठायची घाई! (रागावू नका, काही परिषदा खरंच छान होतात.) विद्यापीठातल्या परिषदेत अभ्यासक आपला निबंध मांडतो आणि बाकीचे त्यातल्या कच्च्या जागा शोधतात. विषय स्थूल अर्थशास्त्राचा असेल तर प्रश्न देशाएवढे असतात: व्याजदर किती ठेवावा, पैसा किती असू द्यावा, बेकारी कशाने वाढते. आणि समोर बसलेल्यांत कधीकधी ही धोरणं प्रत्यक्ष ठरवणारी माणसंही असतात.

त्या दिवशी तसंच होतं. बोलायला उभे राहिले बेन बर्नान्की. ते अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या, संचालक मंडळावर होते. आपल्याकडे रिझर्व्ह बँक तशी तिकडे ही 'फेड'. त्यांचा विषय होता फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेला अमेरिकेच्या पैशाचा इतिहास. या जाडजूड ग्रंथातला सगळ्यात गाजलेला भाग १९२९ ते १९३३ च्या महामंदीचा आहे.

महामंदी म्हणजे शेअर बाजार कोसळला, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. फ्रीडमन-श्वार्ट्झ यांनी बोट ठेवलं ते दुसरीकडे. या चार वर्षांत अमेरिकेतला एकूण पैसा सुमारे एक तृतीयांशाने घटला, असं त्यांनी आकडे गोळा करून दाखवलं. कोणी नोटा जाळल्या नव्हत्या. मग पैसा गेला कुठे?

हे फळ्यावर मांडून बघा. एका गावात एकच बँक. शेतकऱ्याने १,००० रुपये जमा केले. बँकेने १०० तिजोरीत ठेवले आणि ९०० किराणा दुकानदाराला कर्ज दिले. दुकानदाराने त्यातून माल घेतला. माल विकणाऱ्याने ते ९०० त्याच बँकेत भरले. आता पासबुकांची बेरीज करा : १,९००. नोटा मात्र हजाराच्याच! तरी दोघांनाही आपले पैसे बँकेत आहेत असंच वाटतं, आणि त्या भरवशावर दोघे व्यवहार करतात.

एक दिवस अफवा उठते, बँक बुडणार. शेतकरी धावत जाऊन १,००० काढून आणतो आणि डब्यात लपवतो. तिजोरी रिकामी. दुसऱ्याला द्यायला बँक दुकानदाराकडे कर्ज परत मागते. तो बिचारा मिळेल त्या भावाने माल विकून पैसे उभे करतो. शेवटी पासबुकं शून्यावर येतात आणि घराघरातल्या डब्यांत मिळून फक्त १,००० रुपये उरतात. ९०० रुपये नाहीसे झाले, चोरी कुणीच केली नाही. भाव पडले, दुकान बंद, दुकानातला गडी बेकार.

अमेरिकेत हेच हजारो गावांत झालं. १९३० ते १९३३ मध्ये सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे एक बेकार होता.

आता मुख्य मुद्दा. अशी धावपळ झाली तर बँकांना रोकड पुरवता यावी, या हेतूनेच १९१३ च्या कायद्याने फेड जन्माला आली होती. पण बऱ्याच अधिकाऱ्यांना वाटलं, कमकुवत बँका बुडतायत तर बुडू देत. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सोन्याशी असलेलं चलनाचं नातं तोडलं. अमेरिकेतूनही सोनं बाहेर जाईल या भीतीने ऑक्टोबरमध्ये व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला गेला, तोही बँका बुडत असताना! १९३२ च्या वसंतात फेडने सरकारी रोखे विकत घेऊन पैसा सोडायला सुरुवात केली, आणि उन्हाळ्यात थांबवलीही.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. पीटर टेमिन या अभ्यासकाचं म्हणणं होतं की आधी लोकांचा खर्च आटला आणि त्यामागून पैसा आटला. आधी काय आणि नंतर काय, हा वाद सोपा नाही. पण दर वाढवण्यासारखे निर्णय मंदीमुळे आपोआप झाले नव्हते, ते माणसांनी घेतले होते, आणि त्यानंतर परिस्थिती आणखी बिघडली. मला स्वतःला फ्रीडमन-श्वार्ट्झ यांची हीच बाजू सगळ्यात भक्कम वाटते. बर्नान्कींनीही भाषणात असे एकेक प्रसंग तपासले.

शेवटी ते म्हणाले की फेडचा प्रतिनिधी म्हणून मिळालेल्या अधिकाराचा मी जरा गैरवापर करतो. मग मिल्टन आणि अ‍ॅना यांना नाव घेऊन सांगितलं की महामंदीबद्दल तुमचं बरोबर होतं, ते आम्हीच केलं, आम्हाला फार खेद आहे, आणि तुमच्यामुळे पुन्हा तसं होणार नाही.

सहा वर्षांनी या शब्दाची परीक्षा झाली. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी वित्तसंस्था बुडाली, तेव्हा बर्नान्कीच फेडचे अध्यक्ष होते. त्यांनी व्याजदर जवळजवळ शून्यावर आणला आणि बँकांकडे पैसा वाहता ठेवला. बेकारी तरीही १० टक्क्यांपर्यंत गेली, पण १९३३ ची गत झाली नाही. टीकाही भरपूर झाली. घरांच्या किमती फुगत होत्या तेव्हा फेड झोपली होती का? बँका वाचल्या, पण ज्यांची घरं गेली त्यांचं काय? हे प्रश्न रास्तच आहेत. पुढे २०२२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत बर्नान्की होते, आणि त्यांचं गौरवलेलं संशोधन महामंदीत बुडालेल्या बँकांवरचंच होतं.

पालकहो, एक गोष्ट थेट तुमच्या-माझ्या घरातली. त्या मंदीतूनच अमेरिकेत १९३३ साली ठेवींना विम्याचं संरक्षण देणारा कायदा आला. ठेव सुरक्षित आहे हे माहीत असलं की माणूस अफवा ऐकून धावत नाही. आपल्याकडे १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख आहे.

हा विमा सहकारी बँकांनाही असतो. गावातल्या पतसंस्थेला मात्र तो लागू नाही. दोन्हींच्या पाट्या दिसायला सारख्याच, व्याज पतसंस्थेचं जरा जास्त, आणि पिग्मी गोळा करणारा आपल्या ओळखीचा. पुढची ठेव ठेवण्याआधी पाटीवर 'बँक' लिहिलंय की 'पतसंस्था', ते नीट वाचा.