‘कळलं का?’ असं विचारू नका!

जुलाब झालेल्या बाळासाठी घरगुती जलसंजीवनी कशी करायची, याचं पत्रक आमच्या बचत गटाने काढायचं ठरवलं. कच्चा मजकूर असा: 1 लिटर स्वच्छ पाणी, 6 छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ.

छापण्याआधी तो चार-पाच जणींना दिला. ‘कळलं का?’ म्हटलं की सगळ्याच ‘हो’ म्हणतात. म्हणून मी म्हटलं, ‘‘वाचा नि करून दाखवा बरं!’’ आणि गप्प बसून बघत राहिले.

एकीने चमचा शिगोशीग भरला. दुसरीने पोह्यांचा चमचा घेतला. तिसरीने तांब्यालाच लिटर मानलं. मीठ जास्त झालं तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. अशा वेळी बाईला नव्हे, कागदाला दुरुस्त करायचं. ‘चहाचा सपाट चमचा’ चित्रासकट आला, तांब्याऐवजी लिटरची बाटली आली. ‘24 तासांत संपवा, उरलं तर फेका’ हेही ठळक केलं. मग पत्रक नव्या बायकांना दिलं. आधीच्यांना ते पाठच झालं होतं ना!

मैत्रिणींनो, सासूबाईंना गोळ्यांच्या वेळा लिहून देता ना? त्यांच्याकडूनच एकदा गोळ्या काढून घ्या. कागद किती नीट लिहिलाय, ते तिथेच कळेल.