परदेशी जाताना मोबाईलचं चार्जिंग



कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून एक रस्ता भोसरी, मोशी करत चाकणला जातो. या पट्ट्यातल्या कारखान्यांनी आपल्या घरांचं परदेशाशी नातं जोडलं आहे. शेजारच्या दापोडीत सँडविक, अल्फा लावल या स्वीडनच्या कंपन्या आहेत. चाकणला जर्मनीच्या फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. अशा ठिकाणी काम शिकलेली आपली मुलं-मुली पुढे जर्मनी, अमेरिका, जपान, दुबई गाठतात. मग लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला आई विमानात बसते, आणि पुष्कळदा एकटीच.

अशा वेळी तिच्या हातातला मोबाईल म्हणजे तिचं तिकीट, मुलाचा नंबर आणि घराचा पत्ता. बॅटरी संपली की सगळंच अडतं. म्हणून आज बोलू या परदेशात मोबाईल चार्ज कसा करायचा त्याबद्दल.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पिनचा आकार वेगळा आणि विजेचा दाब वेगळा. नळाचं तोंड लहान-मोठं असतं, आणि पाण्याचा जोरही कमी-जास्त असतो. पण या दोन गोष्टी निराळ्या आहेत. विजेचंही तसंच. दाब व्होल्टमध्ये मोजतात. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट वीज येते. जर्मनी, इंग्लंड, दुबईला जवळपास तेवढीच असते. अमेरिकेत मात्र १२० आणि जपानमध्ये फक्त १०० व्होल्ट.

मग आपला चार्जर तिथे चालेल का? याचं उत्तर चार्जरवरच छापलेलं असतं. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘इनपुट’ असं लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे १०० ते २४० असे आकडे असतील, तर तो चार्जर जगात जवळजवळ कुठेही चालतो. चांगल्या कंपनीच्या बहुतेक मोबाईल चार्जरवर हेच आकडे असतात. अक्षर फार बारीक असेल तर मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा.

आता पिनबद्दल. दाब जुळला तरी पिन बसायला हवी. त्यासाठी अडॅप्टर लागतो. इंग्लंड आणि दुबईत तीन चपट्या, जाड पिना असतात. अमेरिका, जपानमध्ये दोन चपट्या उभ्या पिना. ऑस्ट्रेलियात चपट्या पण तिरक्या. जर्मनीत दोन गोल पिना असतात. आपला बारीक गोल पिनांचा चार्जर तिथे बऱ्याचदा बसतो. पण तिथलं सॉकेट खोलगट असतं, जाड चार्जर आत जात नाही किंवा सैल राहतो. सैल पिन तापते, ठिणगी पडते. म्हणून अडॅप्टर न्यावाच.

इंग्लंडच्या सॉकेटमध्ये आपली दोन पिनांची वस्तू सहज जात नाही. मग काही जण वरच्या भोकात पेन किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून ती बसवतात. हे अजिबात करू नका. आतला पडदा मुलांच्या आणि आपल्या सुरक्षिततेसाठीच असतो.

अडॅप्टर फक्त आकार बदलतो, दाब बदलत नाही. त्यामुळे त्यावर मोबाईल चार्ज करा, पण मिक्सर किंवा इस्त्री लावू नका. आपल्याकडचा फक्त २३० व्होल्टचा मिक्सर अमेरिकेत नीट फिरणार नाही. आणि तिथून आणलेलं फक्त १२० व्होल्टचं यंत्र इथे लावलं, तर जळेल.

आता पॉवर बँक. ती कधीही मोठ्या बॅगेत टाकून विमानात पाठवायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. आपल्याजवळ ती पेटली तर लगेच दिसते आणि विझवता येते. सामानाच्या कप्प्यात कुणाला कळतही नाही. २८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर एअर बुसानच्या उभ्या विमानाला आग लागली. तपासात संशय पॉवर बँकेवरच आला. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी नियम कडक केले. दुबईच्या एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली. सोबत एकच नेता येते.

साधारण मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. हिशेब सोपा आहे. पॉवर बँकेवर ‘एमएएच’चा आकडा असतो. त्याला हजाराने भागा आणि ३.७ने गुणा. २०,००० असेल तर वीस गुणिले ३.७, म्हणजे ७४. चालेल. ३०,००० असेल तर १११. त्याला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. आकडा पुसलेली किंवा फुगलेली पॉवर बँक घरीच ठेवा. विमानात मोबाईल सीटच्या फटीत पडला, तर सीट पुढे-मागे करू नका. चेपला तर बॅटरी पेटू शकते. कर्मचाऱ्यांना हाक मारा.

विमानतळावर फुकट चार्जिंगच्या वायरी लटकत असतात. ज्या वायरीतून वीज जाते, तिच्यातूनच माहितीही जाऊ शकते. मोबाईलमध्ये आपला बँकेचा व्यवहार असतो. रिझर्व्ह बँकेनेही २०२२च्या सावधगिरीच्या पुस्तिकेत या फसवणुकीबद्दल इशारा दिला आहे. म्हणून स्वतःचा चार्जर भिंतीतल्या सॉकेटलाच लावा. दुसऱ्याच्या वायरीला लावावाच लागला आणि मोबाईलने माहिती देऊ का असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणा.

रात्री उशीखाली किंवा गोधडीत मोबाईल चार्जिंगला ठेवू नका. थंड देशात खोली तापवायचा हीटर असतो, त्यावरही नको. मोबाईल फार तापला तर आधी प्लग काढा. आणि एक कागद जवळ ठेवाच. त्यावर मुलाचा नंबर देशाच्या कोडसकट आणि घराचा पत्ता त्या देशाच्या लिपीत लिहून घ्या. कागदाची बॅटरी संपत नाही.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला चार्जर घेऊन या. आकडे वाचा, एकमेकींना दाखवा. भारतात विकलेल्या चार्जरवर आयएसआयच्या जागी ‘आर’ने सुरू होणारा मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असतो, तोही शोधा. नसेल तर तो चार्जर परदेशातच काय, घरीसुद्धा वापरू नका. आज कुणाला कुठे जायचं नसेलही. पण उद्या लेकीचा फोन आला, तर सामान बांधताना चार्जर वाचायला दुसऱ्या कुणाला शोधावं लागणार नाही.