कागदकामाला हूकच बरा

कामरेज-सुरत पट्ट्यात हात सापडावा अशी यंत्रं पावलोपावली आहेत. गावात यंत्रमाग, शिवाराकडे कडबाकुट्टी. मनगट गेलं की घरच्यांना बहुधा हातासारखा दिसणारा कृत्रिम हात हवा असतो. चारचौघांच्या नजरा सोसणं सोपं नाही, तेव्हा ही मागणी कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण ज्याला उत्तरायणाआधी पतंग बांधायचे आहेत किंवा हौसेने कागदी फुलं करायची आहेत, त्याला जुना दुभंगी हूकच जास्त कामाचा आहे, असं मला वाटतं. लाकूड कापण्याच्या गिरणीत हात गमावलेल्या डेव्हिड डोरान्स या अमेरिकन कामगाराने १९१२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याची मूळ रचना आजही तीच आहे. खांदा पुढे रेटला की खांद्यावरच्या पट्ट्याला जोडलेली तार ताणते आणि हूक उघडतो. खांदा सैल सोडला की रबर तो मिटवतं. म्हणजे जोर लागतो उघडायला, धरून ठेवायला नाही. खळ वाळेपर्यंत कामटीवर कागद दाबून धरायला याहून बरं काय? शिवाय हुकाची टोकं अरुंद असल्याने धरलेली घडी दिसत राहते. रबरी पंजाखाली ती झाकली जाते. आणि हुकाची गुळगुळीत पाठ घडीवरून फिरवली की घडी नखाने घातल्यासारखी कडक बसते.

हुकाला स्पर्श कळत नाही, मग पतंगाचा पातळ कागद फाटणार नाही का, असं कोणी विचारेल. बोटांचा स्पर्श नसतो हे खरंच, पण तारेचा ताण खांद्याला जाणवतो, त्यावरून हूक किती उघडलाय याचा अंदाज येतो. पकडीचा जोर रबरांच्या संख्येवर ठरतो. कागदासाठी ती कमी करता येतात आणि टोकांवर रबरी नळी चढवली की वळ उठत नाहीत. स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारा हात घेतला, तर त्याची किंमत लाखांत, वर वजन आणि बॅटरी. आणि अशा बहुतेक हातांनाही स्पर्श कळत नाहीच. खरी अडचण कात्रीची. उजवा हात गेला तर कात्री डाव्या हातात येते, आणि बाजारातली नेहमीची कात्री डाव्या हाताने चालवली की पाती एकमेकांपासून फाकतात, कापायची रेघ पात्याआड जाते. अशा वेळी हुकाला दोष देण्यापेक्षा डावखुऱ्यांची कात्री घ्यावी, नाहीतर कागद हुकाने दाबून पट्टीच्या कडेने कटर ओढावा.